मिठाच्या पाठीवर

शेळी चोखंदळ की अधाशी, याविषयी वाद घालणाऱ्यांनी बहुधा शेळ्या पाळलेल्या नसतात. पाळणाऱ्याला ती एकाच घटकेत दोन्ही असल्याचे ठाऊक असते. बाभळीच्या काट्यांतून नेमके कोवळे पान ओठांनी खुडणारी, दोरीवर वाळणारे धोतर निर्विकार मुद्रेने चघळणारी, आणि तरीही ज्या पाण्यात स्वतःचीच एखादी लेंडी पडली आहे त्या पाण्याकडे ढुंकूनही न पाहणारी ही मानिनी, तिच्यापुढे मूठभर क्षार ठेवायचे म्हटले की पाळणाऱ्याच्या बुद्धीची जी परीक्षा घेते, तिच्यात चांगले पैसेवाले गोठेही नापास झालेले मी पाहिले आहेत. आमच्याकडे, बालाघाटाच्या डोंगररांगेत तुळजापूरच्या बाजूला, कळप उस्मानाबादी शेळ्यांचे. जिल्ह्याचे नाव सरकारदप्तरी धाराशिव झाले, जातीचे नाव मात्र लोकांच्या तोंडी जुनेच आहे. माळावरचे गवत दिवाळीपर्यंत पुरते. पुढे कडबा, तुरीचे भुसकट, बाभळीच्या शेंगा आणि कुऱ्हाडीने खाली आणलेला पाला यांवर उन्हाळा काढावा लागतो. पाल्यातून चुना भरपूर मिळतो, स्फुरद मात्र कडब्यात नावालाच असते. आणि तांबे, जस्त, आयोडीन यांचा हिशेब तर जमिनीने आधी चाऱ्याला आणि चाऱ्याने मग जनावराला किती दिले यावर अवलंबून, म्हणजे मुळातच तुटीचा.

ही तूट भरून काढण्यासाठी बाजारात पहिल्यांदा जी वस्तू हाती ठेवली जाते ती म्हणजे चाटण वीट. गाईम्हशींच्या गोठ्यात तिची उपयुक्तता मी नाकारीत नाही, कारण गाईची जीभ कानशीप्रमाणे खरखरीत असते आणि ती त्या कठीण पृष्ठभागावरून फिरली की काहीतरी खरवडून नेतेच. शेळीची जीभ लहान आणि मऊ. तिची खरी कर्तबगारी तिच्या हालत्या, चाचपणाऱ्या वरच्या ओठात आहे. विटेवर ती जीभ फिरवते, तिला मिठाची चव लागते, जिवाला बरे वाटते, आणि पोटात जावयाचे द्रव्य मात्र विटेतच राहते. फार हव्यास सुटला तर ती दातांनी वीट कुरतडू लागते, आणि दात हे शेळीचे आयुष्य मोजण्याचे साधन असल्याने ते अशा रीतीने झिजवणे हा उघड तोट्याचा व्यवहार होय. शेळीला क्षार द्यावयाचे ते भुकटीच्या रूपातच, म्हणजे सुटे. एवढे एकदा पटले की पुढचा सारा कारभार भांड्याचा आणि मिठाचा उरतो.

मिठाविषयी जुन्या पाळकांत एक समज दृढ आहे, तो असा की जनावराला जे कमी पडते ते जनावर आपण होऊन हुडकते, सबब क्षारांच्या वेगवेगळ्या वाट्या मांडून ठेवाव्यात आणि निवड शेळीवर सोडावी. या समजुतीत जो श्रद्धाभाव आहे त्याचा मला आदर वाटतो, पण अनुभव आणि शास्त्र दोन्ही त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. शेळीला खरीखुरी, अचूक भूक आहे ती मिठाची, सोडियमची. स्फुरद अत्यंत कमी पडले तर ती हाडे, माती, चिंध्या चघळू लागते हे खरे, परंतु ते तिचे ज्ञान नसून तिची तगमग असते, आणि तांबे किंवा जस्त यांच्याबद्दल तर तिला काहीच कळत नाही. म्हणून जी द्रव्ये तिने ओळखली नाहीत ती, तिने ओळखलेल्या एका द्रव्याच्या पाठीवर बसवून तिच्यापर्यंत पोचवावी लागतात. पशुखाद्याच्या दुकानातले मीठविरहित खनिज मिश्रण, ज्याला आमच्या भागात सगळे मिनरल मिक्श्चर म्हणतात, ते आणि त्याच्याच वजनाचे बारीक मीठ एकत्र करून ठेवले तर मोठी शेळी दिवसाला साधारण दहा ते पंधरा ग्रॅम चाटते, आणि त्यातले निम्मे मिश्रण तिला पुरेसे होते. मात्र पिशवी घेताना तीवर मीठयुक्त लिहिले आहे की मीठविरहित हे पाहून घ्यावे. मीठ आधीच असलेल्या मिश्रणात आणखी मीठ ओतून, मिठाच्या दराऐवजी मिश्रणाच्या दराने मीठ विकत घेणारे महाभाग कमी नाहीत. मीठ आयोडीनयुक्त घ्यावे, म्हणजे करडे गळ्याशी गाठ घेऊन जन्मण्याचा एक धोका स्वस्तात टळतो. आणि बरेच महिने मीठ न मिळालेल्या कळपापुढे मिश्रण एकदम ठेवू नये. पहिले काही दिवस नुसते मीठ आणि भरपूर पाणी देऊन हव्यास ओसरू द्यावा, मगच मिश्रण मांडावे. पाणी नसेल त्या दिवशी मीठही नको.

मिठाच्या पाठीवर बसण्याची ही युक्ती जिथे सपशेल फसते असा एक प्रदेश महाराष्ट्रातच आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच मचूळ. तिथली बेरारी शेळी दिवसभर पाण्याबरोबर मीठ पिते, आणि मग तिच्यापुढे मांडलेल्या भुकटीला ती तोंड लावील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. तिथे क्षार खुराकातच गेले पाहिजेत: भरडा, चुनी आणि कोंडा मिळून शंभर किलोंत दोन किलो खनिज मिश्रण, असा ढोबळ मक्ता. कोंड्यात स्फुरद विपुल असते, ही त्यातली आणखी एक सोय. फक्त खच्ची केलेल्या बोकडांना कोंडा-धान्य सढळ हाताने घालू नये, कारण चुन्याचे प्रमाण स्फुरदाच्या दुप्पट राहिले नाही तर त्यांना मुतखडा धरतो आणि बोकड दोन दिवसांत हातचा जातो.

क्षारांची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागतेच असे नाही. शेळीच्या शेपटाने ना माशा वारल्या जातात ना लाज झाकली जाते, असे म्हणून आपल्याकडे त्या बिचाऱ्या अवयवाची यथेच्छ चेष्टा झालेली आहे. पण तांब्याच्या तुटीचा इतका स्वस्त आणि प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. तांबे कमी पडले की शेपटाच्या टोकाचे केस गळून ते माशाच्या शेपटासारखे दुभंगलेले दिसते, आणि उस्मानाबादीच्या काळ्याभोर अंगावर गंजकट तांबूस छटा चढते. उन्हाने रंग उडाला असे म्हणून आपण ती सोडून देतो. जस्ताची तूट नाकाडाभोवती आणि पायांवर खपल्यांच्या रूपाने दिसते. हे ओळखता आले की लगेच एक मोह होतो, आणि त्याविषयी मला जरा कठोर बोलले पाहिजे. द्राक्षबागायतीमुळे मोरचूद घरोघरी आहे. मोरचुदात तांबे असते हे कोणीतरी सांगते. आणि मिश्रणात मोरचुदाची मूठ पडते. मोरचुदात वजनाने चौथा हिस्सा तांबे आहे आणि शेळीची दिवसाची गरज मिलिग्रॅमांत मोजावी लागते, म्हणजे एका चिमटीत एका शेळीच्या कित्येक दिवसांची बेगमी होते. घरी करावयाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. तांब्याचे तोलमाप त्यांत येत नाही. ते कारखान्यावर सोपवावे आणि भांडे मात्र घरी करावे. ज्यांच्या कळपात शेळ्यांबरोबर मेंढ्याही आहेत, आणि धनगरांच्या वाड्यात त्या असतातच, त्यांनी तर तांबेयुक्त मिश्रण मेंढीच्या तोंडी लागू देऊ नये. शेळीला जे औषध तेच मेंढीच्या यकृतात साठत जाऊन एके दिवशी तिचा अंत करते.

आता भांडे. मातीची कुंडी दिसायला सर्वांत देखणी आणि सर्वांत कुचकामी: मीठ तिच्या छिद्रांत शिरते, तिथे स्फटिक धरते, आणि कुंडी बाहेरून पापुद्र्यापापुद्र्याने सुटू लागते. पत्र्याचा तेलाचा डबा मिठाने गंजतो आणि त्याची कापलेली कड ओठ चिरते. वेळूचे जाड पेर दोन्हीकडच्या गाठी राखून उभे चिरले तर फुकटात उत्तम पन्हळी मिळते, परंतु ती कुंपणाला दोरीने बांधावी, खिळ्याने नव्हे, कारण मीठ खिळाही खाते. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन मला विशेष आवडतो: त्याच्या एका अंगाला वरच्या बाजूस तळहाताएवढी खिडकी कापावी, कड तापलेल्या उलथन्याने वितळवून गुळगुळीत करावी, आणि मुठीतून दोरी ओवून टांगावा, छप्पर, भिंत आणि कप्पा तिन्ही आयते. सांडपाण्याच्या चार इंची नळीचा वाय जोड खालून टोपण बसवून उभा केला तर तो अधिक टिकाऊ, पण शिंगाळ पाटीचे डोके त्यात अडकत तर नाही ना हे पाहावे, आणि खालचे टोपण चिकटवू नये, नाहीतर तळाशी बसलेला दगड फोडायला छिन्नी लागते. नळी गळ्यापर्यंत भरण्याचा मोहही टाळावा. वरचा भार खालच्या भुकटीला दाबून घट्ट करतो. चार दिवसांपुरते घालावे आणि रोज एकदा काडीने हलवावे.

भांड्याइतकेच महत्त्व जागेला. ते जमिनीलगत असेल तर शेळी आधी त्यात पाय देते, मग त्यात बसण्याचा विचार करते, आणि अखेरीस पाठ फिरवून लेंड्या टाकते, ज्यानंतर ते तिच्या दृष्टीने भ्रष्ट झालेले असते. म्हणून तोंड तिच्या हनुवटीच्या थोडे वर ठेवावे आणि खाली एकावर एक दोन विटा मांडाव्यात: पुढचे पाय विटांवर ठेवून ती चाटते, मागचा भाग सुरक्षित अंतरावर राहतो. भांडी दोन हवीत आणि एकमेकांपासून लांब हवीत, कारण प्रत्येक कळपात एक पाटलीण असते आणि एकच भांडे असले तर ती त्यावर पहारा देते. ज्या दुबळ्या पाटीला क्षारांची सर्वाधिक गरज, नेमकी तीच हुसकली जाते.

पावसाळ्यात हा सारा संसार ओलावतो. हवेतील आर्द्रता शंभरात पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ पाणी धरते, आणि मिठागरातले खडे मीठ त्यातील मॅग्नेशियममुळे त्याहूनही आधी. वर आयोडीन ओलाव्याने उडून जाते. आषाढ-श्रावणात मी भांडी गोठ्याच्या आतल्या भिंतीला नेतो आणि एका दिवसापुरतेच घालतो.

मीठ इतक्या सहजपणे मांडता येते हेही फार जुने सुख नाही. 1930 साली वडाळ्याला आणि शिरोड्याला लोकांनी कायदा मोडून मीठ उचलले, तेव्हा मिठावरच्या महसुलाचा बोजा माणसाप्रमाणे त्याच्या जनावरावरही पडत होता. आणि त्या चळवळीचे सूत्रधार स्वतः शेळीच्या दुधावर राहणारे होते, हा योगायोग मला उगाचच सुखावून जातो.

एक वही मात्र ठेवावी. आठवड्याला किती भरले आणि किती उरले याचा जमाखर्च मांडला की कळप पुष्कळ काही सांगतो: विलेल्या शेळ्यांच्या वाड्यात खप वाढतो, आणि खप अकस्मात शून्यावर आला तर मिश्रण दगडासारखे झाले आहे, भ्रष्ट झाले आहे किंवा पाण्यातच खार आहे, यांपैकी काहीतरी असते. परवा शेजारचे तात्या बाजारातल्या क्षारपेटीची किंमत सांगून, घेऊ का म्हणून विचारायला आले होते. त्यांच्या बोअरच्या मागे केसिंगचा हातभर तुकडा दोन वर्षे पडून आहे, मी त्यांना करवत दिली आणि म्हणालो, "तात्या, आडवा ठेवून वरच्या अंगाला खिडकी कापा, दोन्ही तोंडांना लाकडाच्या चकत्या ठोका, आणि करवत मात्र बुधवारच्या आत परत आणा."