आमच्या दारची जुनी पिकअप



बैल घ्यायला माणूस बाजारात गेला म्हणजे काय काय पाहतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. दात मोजतो, खूर पाहतो, पाठीवर थाप मारून बघतो, चार पावले चालवतो आणि जमलेच तर औताला जुंपून दाखवा म्हणतो. एवढे करून घरी आणला तरी पारावरची म्हातारी माणसे नाक मुरडतातच. पण तीन लाख साठ हजारांची गाडी घेताना आम्ही दोघा भावांनी यातले एकही केले नाही. त्यात एक भाऊ शेतकीचा पदवीधर आणि गावोगाव शेतकऱ्यांना सल्ला देत फिरणारा. तो मीच.

आमचे घर जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या टोमॅटो बाजारापासून १४ किलोमीटरवर. शेती थोरले बंधू पाहतात. तोड्याच्या दिवसांत भाड्याच्या गाडीची वाट बघत क्रेट बांधावर तापत पडायचे. गाडीवाल्याचीही चूक नसे, त्याला दहा शेते असत. शेवटी २०१८ च्या दिवाळीनंतर दादा म्हणाले, "आरं, आता आपलीच एक जुनी पिकअप बघू. तू शिकलेला हायेस, तू चल संगं." माझ्या भविष्य निर्वाह निधीतून दीड लाख काढले, बाकीचे दादांनी उभे केले आणि आम्ही निघालो.

गाडी २०१२ ची होती. धुऊन-पुसून, हौद्याला नवा रंग देऊन, टायरांना काळे फासून नवरीसारखी उभी केलेली. आम्ही पोचलो तेव्हा इंजीन गरम होते. मालक म्हणाला, "आत्ताच एक फेरी मारून आलो." किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली आणि दादांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची किंमत पुढे दोन महिन्यांत कळली.

जानेवारीच्या थंडीत गाडी सकाळी सुरू होईना. झाली की मागे धुराचा लोट. आळेफाट्याच्या मिस्त्रींनी काय केले, ते ऐका. इंजीन चालू ठेवून वरचे ऑइल भरायचे झाकण काढले. त्यातून चुलीच्या धुराड्यासारखा भपकारा येऊ लागला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून जळता वायू खाली उतरत होता. मग ते गाडीखाली गेले आणि मला हाक मारली. मागच्या पाट्यांच्या वरच्या बाजूला चेसीला वेल्डिंग करून वर रंग ओढला होता. "साहेब, ह्या गाडीनं वजन लय वाहिलंय," एवढेच ते बोलले. इंजिनाचे काम ६२ हजारांत झाले. टायरांवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, हेही त्यांनीच दाखवले. आमचे टायर २०११ चे निघाले, म्हणजे गाडीपेक्षाही वडीलधारे! त्यांचे २८ हजार वेगळे.

मात्र खरा घाव कागदाचा बसला. आर. सी. बुकावर एका वित्त कंपनीचा बोजा नोंदलेला होता. सातबाऱ्यावर सोसायटीचा असतो, तसाच. मालक म्हणाला, कर्ज फिटले आहे, दाखला पंधरा दिवसांत येईल. आम्ही सगळी रक्कम मोजून दिली. पंधरा दिवसांचे सात महिने झाले.

२०१९ चा जून महिना. भाव बरा होता. हौद्यात ५८ क्रेट, दादा आणि पुतण्या गाडीत. बाजाराच्या अलीकडे दोन मोटारसायकली आडव्या आल्या. वसुलीची माणसे होती. दोन हप्ते थकले होते, दंड-व्याज धरून ३१ हजार. गाडी ज्याच्या नावावर होती तो फोन उचलेना. दादा भर उन्हात रस्त्याच्या कडेला क्रेट उतरवून घेत होते आणि ओळखीचे लोक गाड्यांतून बघत जात होते. माल दुसऱ्याच्या गाडीतून गेला, उशिरा गेला, पडत्या भावात गेला. गाडी तीन दिवसांनी सुटली. ३१ हजार वहिनींनी भरले, पाच शेळ्या विकून.

मी रविवारी घरी गेलो तेव्हा दादा काहीच बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही कागद वाचला नव्हता का?" वाचला होता. त्यावरची नोंद पाहिलीही होती. पण बोलणाऱ्या माणसापुढे कागद खोटा ठरवायची आपल्याला सवय असते.

म्हणून आता कोणी विचारले की मी आधी कागदाचेच सांगतो. बोजा असेल तर वित्त कंपनीच्या सहीचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पुरे पैसे देऊ नका. विकणाऱ्याने २९ नंबरचा फॉर्म भरून द्यायचा, नावावर करण्याचा अर्ज ३० नंबरचा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर. टी. ओ. कार्यालयाला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी कंपनीला लिहायचे. विकणाऱ्यालाही यात ढिलाई परवडत नाही. अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी कायदा नोंदणीवर ज्याचे नाव आहे त्यालाच मालक धरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. गाडी कधीचीच विकून मोकळा झालो, हे सांगणे तिथे चालत नाही.

आता गाडी परवडली का, ते सांगतो. वहिनींची एक वही आहे. तीत गाडीचा एकूण एक पैसा लिहिलेला. इंजीन, टायर आणि ते ३१ हजार धरून गाडी आम्हाला ४ लाख ८१ हजारांना पडली. विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि दुरुस्ती मिळून वर्षाला सरासरी ५५ हजार लागतात, गाडी चालो की उभी राहो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी योग्यता तपासणी असते, हे जुनी गाडी घेणारा हमखास विसरतो. आमच्या घरच्या मालाच्या वर्षाला ११० फेऱ्या होतात. म्हणजे फेरीला ५०० रुपये तिथेच गेले. येऊन-जाऊन २८ किलोमीटरचे डिझेल साधारण २१५ रुपयांचे. झाले ७१५. भाड्याच्या गाडीला ६० क्रेटचे ९०० पडतात. वाचले १८५, वर्षाचे वीस हजार. एवढ्यासाठी पावणेपाच लाख अडकवायचे? नुसत्या आपल्या मालावर जुनी पिकअप परवडत नाही, हे मी उघड सांगतो. शेजारच्या तिघांचा माल भाड्याने न्यायला लागलो, तेव्हा कुठे वहीची बेरीज सरळ झाली. पण माल आपल्या वेळेला निघतो, नारायणगावी गर्दी असली तर दुपारपर्यंत थांबता येते, कांदा ओतूरला न्यावा की आळेफाट्याला हे भाव विचारून ठरवता येते. त्याची किंमत वहिनींनी वहीत कुठे मांडलेली नाही.

वजनाचेही एक बोलतो. आमच्या गाडीची क्षमता १,३०० किलोची. २० किलोचा क्रेट रिकाम्या वजनासकट २२ भरतो, म्हणजे ५९ क्रेट झाले की गाडी भरली. लोक नव्वद लादतात. चेसीवरचे ते वेल्डिंग मी पाहिलेले असल्यामुळे पुतण्याला साठावा क्रेट चढवू देत नाही. तो मला मनात काय म्हणतो, ते मला माहीत आहे.

त्याच्याशी खरे भांडण झाले ते २०२१ साली, कांदा काढणीत. संध्याकाळी बांधावर उभा होतो, तर आमचीच गाडी वाडीकडे निघालेली, हौद्यात सोळा बाया. एकीच्या कडेवर मूल, दुसरा हात फाळक्याला. मी हात करून थांबवली. "काका, सगळेच नेतात," पुतण्या म्हणाला. नेतात हे खरे. पण मालगाडीत अशी नेलेली माणसे विम्यात बसत नाहीत. मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा माणूस, एवढ्यापुरतेच विमा कंपनीवर बंधन आहे. घाटात एक वळण चुकले तर सोळा घरांची भरपाई आमच्या अंगावर, आणि गेलेली माणसे ती गेलीच. पुतण्याला हे पटले नाही. वहिनींना पटले. दुसऱ्या दिवसापासून बायांसाठी जीप सांगितली, तिचे भाडे कांद्याच्या खर्चात धरले. "त्यातल्या चौघी माझ्या माहेरच्या वाडीच्या हाईत," एवढेच त्या म्हणाल्या आणि पुतण्या गप्प झाला.

आता गाडीला तेरा वर्षे उलटून गेली. गेल्या महिन्यात शेजारच्या गावचा एक तरुण ती बघायला येतो म्हणाला. दादांनी त्याला पहाटे सहाला बोलावले. म्हणाले, इंजीन गार असताना ये. मी मुद्दाम राहिलो होतो. दादांनी स्वतः झाकण काढून दाखवले, ऑइलची पट्टी पुसून त्याच्या हातात दिली, मग बॅटरी घेऊन त्याला गाडीखाली नेले आणि वेल्डिंगवर उजेड पाडला. पोरगा बिचकला. "काका, तुम्ही गाडी विकताय का मोडताय?" दादा हसले नाहीत. "मिस्त्री घिऊन ये रविवारी," म्हणाले. वहिनींनी ओट्यावरून सांगितले, "आणि पैसं समदं एकदम देऊ नको बाबा. कागद नावावर झाला की मग उरल्यालं."

तो रविवारी आला, मिस्त्री घेऊन. सौदा अजून तुटायचा आहे. वहिनींच्या वहीत २०१९ च्या पानावर "शेळ्या ५ – ३१,०००" ही ओळ तशीच आहे. मी दोनदा पैसे घेऊन गेलो, दोनदा त्यांनी परत लावले. परवा पुन्हा विचारले, तर म्हणाल्या, "गाडी जाऊ द्या भावजी, मग बघू."