शाळेंतला नाटकाचा तास

"नाटक" हा शब्द आपल्या सुशिक्षित घरांतून दोन निरनिराळ्या स्वरांत उच्चारला जातो. सहकुटुंब पाहावयास जावयाचें नाटक म्हणजे रसिकता. पण घरांतल्या मुलानें शाळेंतल्या नाट्यशिबिराचें नांव काढलें, कीं तेंच नाटक अभ्यासाचा शत्रु ठरतें. आमच्या मोहाडीच्या घरींही गेल्या वर्षीं असेंच झालें. माझा पुतण्या तेव्हां नववींत होता. शिबिर दहा दिवसांचें. मोठे भावजी शांतपणें म्हणाले, "पुढच्या वर्षीं दहावी आहे. नाटकानें उद्यां पोट भरणार आहे का?" मामंजींनीं "जाऊं दे त्याला" म्हटलें म्हणून तो गेला, पण प्रश्न तसाच राहिला.

प्रश्न रास्तच होता. एकत्र कुटुंबांत एका मुलाच्या भवितव्याची काळजी दहा जणांना असते, आणि ती काळजी थट्टेवारी नेण्याजोगी नसते.

वस्तुतः आमचा मुलूख नाटकाला परका नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा प्रदेश झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. दिवाळीनंतर धानाची कापणी उरकत आली, कीं गांवोगांव रात्र-रात्र नाटकें रंगतात. वडसा हें गांव तर नाटकमंडळ्यांचें माहेरच आहे. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. या नाटकांहून जुनी ती दंडार आणि खडी गंमत. त्यांत कथेचा सांगाडा ठाऊक असतो, पण पुष्कळसें बोलणें त्या त्या क्षणीं सुचावें लागतें. समोरच्याचें बोलणें ज्यानें नीट ऐकलें नाहीं, त्याचें पुढचें वाक्य फसलेंच म्हणून समजावें.

शाळांच्या स्नेहसंमेलनांतून नेमकें हेंच गळून पडलें आहे. गुरुजी नाटुकलें निवडतात, संवाद वाटून देतात, मुलें ते घोकतात. पाठांतर वाईट नव्हे. पण त्यासाठीं नाटक कशाला हवें? शिबिराची रीत वेगळी होती. दोन दिवस मीं मागच्या बाकावर बसून ती पाहिली.

पहिल्या दिवशीं मुलांना सांगण्यांत आलें, "तुम्ही सर्वांनीं मिळून एक हातमाग व्हा." मोहाडी-आंधळगांवकडे माग नवा नाहीं, आंधळगांवचें कोशाचें कापड प्रसिद्धच आहे. कोणी फणी झालें, कोणी पावडी. वर्गांत पहिला येणारा आमचा पुतण्या मोठ्या तोऱ्यानें धोटा झाला आणि मनाला येईल तेव्हां धांवूं लागला. तेव्हां विणकराच्या घरची, एरवीं तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "अरे, पावडी दाबली नाहीं तर धोटा जाईल कसा?" त्या दिवशीं माग चालला तो तिच्या सांगण्यावरून.

दुसऱ्या दिवशीं प्रसंग दिला होता तलावाच्या पाण्याचा. भाद्रपदांत पाऊस दडी मारून बसला आहे, तलाव एकच आहे, वरच्या बांधीवाल्याला पाणी पुरतें आणि शेवटच्या बांधींतलें धान करपतें आहे. पुतण्या वरचा शेतकरी झाला. "पाणी माझ्या वाट्याचें आहे" असें त्यानें ठणकावून सांगितलें. मग भूमिका बदलल्या. तेंच वाक्य आतां त्याच्या तोंडावर आलें, आणि त्याला कांहीं सुचेना. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "निदान रात्रींचें पाणी तरी मला सोडा." हें वाक्य त्याला कोणी लिहून दिलें नव्हतें. घरीं आल्यावर पूर्वी तलावाचें पाणी कसें वाटीत, हें तो मामंजींना विचारीत बसला. मोठे भावजी वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकत होते.

असे प्रयत्न आजचे नव्हेत. मुंबईस सुधा करमरकर यांनीं १९५९ सालीं लिटल थिएटर काढून मुलांसाठीं रंगभूमि उभारली. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयानें १९८९ मध्यें शिक्षणांतील नाट्यासाठीं स्वतंत्र पथक स्थापिलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही कलेच्या साह्यानें शिकविण्यास स्थान आहे. परंतु धोरण कागदावरून वर्गांत उतरावें, यासाठीं पालकांच्या मनांत त्याला जागा हवी.

नाटकानें पोट भरेल का? नटाचें भरेल न भरेल. आणि या मुलांपैकीं नट होणार तरी किती? पण जो इंजिनिअर होईल, जो धानाची गिरणी चालवील किंवा जो दवाखान्यांत बसेल, त्या प्रत्येकापुढें पुस्तकांत नसलेला प्रश्न आणि आपल्याहून निराळ्या मताचा माणूस एकदमच उभे राहणार आहेत. पाठ केलेलें उत्तर तर आज यंत्रही देतें. दुसऱ्याचें ऐकून, त्याच्या जागीं क्षणभर उभें राहून नवा मार्ग सुचणें, याची संवय मात्र लहानपणींच लागावी लागते.

म्हणून वाचक भगिनींना एकच विनंति आहे. यंदां संमेलनापूर्वी शाळेंत जाल, तेव्हां नाटक कोणतें बसवितां एवढेंच विचारूं नका; त्यांतलीं किती वाक्यें मुलांचीं स्वतःचीं आहेत, हेंही विचारा.