माणचा रेडिओ

गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "माण? म्हणजे म्हसवडकडचं का?"

नाही हो. आमचं माण मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला खेटून असलेलं. ते माण सातारा जिल्ह्यातलं. तो अख्खा तालुका आहे, माणगंगेच्या काठचा, माणदेशातला. ते माण पावसासाठी आभाळाकडे बघत बसणारं आणि आमचं आषाढात पोटरीपर्यंत चिखलात उभं राहून भात लावणारं. (लावणारं होतं, असं म्हणायला हवं. पण त्यावर पुढे येतेच.)

गेली काही वर्षं या घोटाळ्यात आणखी एक भर पडली आहे. कुणीतरी लग्नाकार्यात भेटतं आणि म्हणतं, "बाई, तुमच्या माणचा रेडिओ फार छान असतो म्हणे!" मग मला पुन्हा खुलासा करावा लागतो. तो रेडिओ त्यांचा. आमच्याकडे आयटी पार्क आहे, मेट्रोचा डेपो आहे, पण रेडिओ नाही. आज त्यांच्या त्या रेडिओबद्दलच लिहायचं आहे, आणि आमच्याकडे तो नसल्यामुळे काय निसटतंय त्याबद्दलही.

म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे, ९०.४ एफएम. २००८ च्या डिसेंबरात ती सुरू झाली. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांना बरोबर घेऊन १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली, त्याच परिवारातला हा रेडिओ. त्या बँकेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका घरी गेल्या, लिहावाचायला शिकल्या आणि पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. जन्मभर खडू धरलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही. असो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सासरी त्या बाजूला आहे. तिने एकदा मला फोन केला आणि "बाई, ऐका" म्हणून मोबाईल सरळ रेडिओला टेकवला. मुलाखत चालली होती. पाहुणी कुणी पुढारी नव्हती की लेखिका नव्हती, शेळ्या पाळणारी बाई होती. विचारणारीही तिथलीच असावी, कारण दोघींची बोली एक. पहिली शेळी कुणी दिली, ती किती दिवस दूध देत होती, ती विकायची वेळ आली तेव्हा घरात कोण काय म्हणालं, असे प्रश्न. मध्येच पाहुणी हसून म्हणाली, "तुला काय म्हाईत न्हाई व्हय?" विचारणारी म्हणाली, "मला हाय. पर ऐकनाऱ्यास्नी सांगा की!"

तेवढंच ऐकलं आणि फोन कटला. पण तो सवालजवाब माझ्या डोक्यात बसला. मोठ्या शहरातल्या मोठ्या मुलाखतीत पाहुणा अनोळखी लोकांशी बोलतो. तिथे थोडी मीठमिरची लावली तरी कोण धरणार? इथे ऐकणारी शेजारीण असते. खोटं बोललात तर संध्याकाळी पाण्याला गेल्यावर ती तोंडावर विचारेल. आणि खरं बोललात तर ते समजावून सांगावं लागत नाही, कारण ती शेळी तिनेही पाहिलेली असते. गावच्या रेडिओवरच्या मुलाखतीची ताकद यातच आहे, असं मला वाटतं.

अशा रेडिओला सरकारी भाषेत 'सामुदायिक रेडिओ' म्हणतात. आपल्याकडे आधी शिक्षणसंस्थांना त्याची परवानगी मिळाली आणि २००६ च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. प्रक्षेपण साधारण १०० वॅटचं, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढं! मनोरा ३० मीटरचा. आवाज पोचतो दहा-बारा किलोमीटर. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, अशी अट आहे. आणि गंमत म्हणजे या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. राजकारण तर नाहीच. मग उरतं काय? गाणी, माहिती आणि माणसं. त्यामुळे माणसांना बोलतं करणं हाच या रेडिओचा मुख्य व्यवसाय होऊन बसतो. नियमाने एक दार बंद केलं आणि दुसरं आपोआप उघडलं, असं झालं.

यामागे एक निकाल आहे आणि तो देणारे न्यायमूर्ती आपल्या मराठी मुलखातले होते, म्हणून मुद्दाम सांगते. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. खटला होता क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा! निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि २०२१ मध्ये इथेच गेले. क्रिकेटच्या भांडणातून शेळ्या पाळणाऱ्या बाईला माइक मिळाला, हा प्रवास मला फार आवडतो.

पण खेड्यातल्या माणसाने रेडिओशी बोलायचं, ही कल्पना त्याहून जुनी आहे आणि तिचं मूळ पुण्यातच आहे. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाली. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीने इथे एक प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. तो सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यांना उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून हे घेतलेलं होतं. पुढे १९५९ पासून तो प्रयोग देशभर नेला गेला.

त्याच सुमाराला, १९५५ मध्ये, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात आले आणि जवळजवळ तीस वर्षं तिथे राहिले. 'माणदेशी माणसं' लिहिणारा लेखक! ज्या मुलखातली माणसं त्यांनी पुस्तकात आणली, त्याच मुलखात आज ती माणसं स्वतः माइकसमोर बसतात. लेखकाची मध्यस्थी लागत नाही. 'बनगरवाडी'तल्या तरुण मास्तराबद्दल मला जरा जास्तच जवळीक आहे, हे उघड आहे. पण त्या मास्तराचं मोठेपण शिकवण्यात कमी आणि गावाचं ऐकून घेण्यात जास्त आहे, असं मला नेहमी वाटत आलंय.

ऐकून घेणं सोपं नाही. आम्ही मास्तर लोक तर याबाबतीत फारच बिघडलेले. वर्गात आम्ही दिवसभर प्रश्नच विचारतो, पण ज्यांची उत्तरं आम्हाला आधीच ठाऊक असतात असे. मूल वेगळं काही बोललं की आम्ही म्हणतो, "बस खाली." मुलाखतीचा प्रश्न याच्या अगदी उलट हवा. त्याचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत नसावं, आणि माहीत असलंच तर ऐकणाऱ्यांसाठी ते नव्याने ऐकायची तयारी हवी.

मला एकदा एका वाहिनीवर शिक्षकदिनानिमित्त बोलावलं होतं. नाव घेत नाही. मुलगी गोड होती, हातात प्रश्नांचा कागद होता. "आजच्या पिढीला काय संदेश द्याल?" हा पहिलाच प्रश्न. मी सांगत होते की आवणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा असायचा, मग मी गैरहजेरी मांडायची की शेतावर जाऊन मुलांना भेटायचं, याचा निर्णय दर पावसाळ्यात नव्याने घ्यावा लागे. ती म्हणाली, "वा, खूप छान! आता ऐकू या एक सुंदर गीत." गाण्यानंतर पुढचा प्रश्न, "तुमचे छंद कोणते?" तिचा दोष नाही, तिला घड्याळ सांभाळायचं होतं. पण ती मुळशीची असती तर 'आवणी' या शब्दावर नक्की थांबली असती.

आता आमच्या माणबद्दल. हिंजवडीत सुरू झालेला आयटी पार्क पसरत पसरत आमच्या शिवारात आला. जमिनी गेल्या. कुणाचं भलं झालं, कुणाचं वाटोळं झालं, कुणाची दोन्ही एकाच घरात झाली. मी त्यावर निवाडा करायला बसलेली नाही. पण ज्यांनी इथे तरवा टाकला, राब भाजला, इर्जिक घालून एकमेकांच्या खाचरांत चिखलणी केली, ती माणसं आता ऐंशी-पंच्याऐंशीची आहेत. प्रत्येक शेताला नाव होतं. सातबाऱ्यावर शेत ओळखलं जातं ते गट नंबराने. ती नावं फक्त या माणसांच्या तोंडात आहेत. आणि दुसरीकडे हजारो तरुण मुलंमुली देशभरातून येऊन इथे राहतात. त्यांना आपण कशावर राहतोय हे विचारायचं तर विचारणार कुणाला? लिफ्टमध्ये दोघं भेटतात, पण बोलणं होत नाही. गावचा रेडिओ असता तर निदान एकाच्या कानात दुसऱ्याचा आवाज गेला असता.

पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ पासून १०७.४ वर आहे. पण दहा-बारा किलोमीटरच्या हिशेबात आम्ही कुंपणाच्या बाहेरच पडतो. आणि तिचं गाव विद्यापीठ आहे, आमचं गाव वेगळं.

बरं, नुसतं बोलून घेतलं म्हणजे झालं असंही नाही. सामुदायिक रेडिओला कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं बंधन आहे. फक्त तीन महिने! त्यापुढचं ज्याच्या त्याच्या हौसेवर. याच मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्विन यांनी गोळा करायला सुरुवात केली. पुढे ते काम महाराष्ट्रभर पसरलं आणि ओव्यांची संख्या लाखावर गेली. त्या जपल्या गेल्या म्हणून २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येऊ लागल्या. त्यातल्या कितीतरी गळ्यांची माणसं आज नाहीत. कुणीतरी विचारलं, कुणीतरी ठेवलं, म्हणून आवाज उरला. यात 'ठेवलं' हा शब्द 'विचारलं'इतकाच मोलाचा आहे.

म्हणून मी गेल्या दिवाळीपासून मोबाईल घेऊन आळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसते. नातवाने रेकॉर्डिंग कसं करायचं ते शिकवलं आणि प्रत्येक फाईलला नाव, तारीख घालायची सवय लावली. मी प्रश्नांचा कागद नेत नाही. "तुमच्या शेताचं नाव काय होतं?" एवढ्या एका प्रश्नावर तास-दीड तास सहज जातो. शेवटची इर्जिक कुणाच्या शेतावर झाली यावरून दोघांचा वाद झाला, तोही मी ठेवलाय. निकाल लागायचा आहे.

त्यातले एक अण्णा सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "बाई, पण हे लागणार कुठं?"

त्यांना वाटलं होतं, रेडिओवर लागेल. म्हणजे गाव ऐकेल. फोनमध्ये ठेवलेला आवाज आणि गावाने ऐकलेला आवाज यांतला फरक त्यांना माझ्याआधी कळला. आवाज ठेवायचं काम मी एकटी करू शकते, पण तो गावाला ऐकवायला माझ्या एकटीचं बळ पुरणारं नाही. परवाना व्यक्तीला मिळत नाही, किमान तीन वर्षं लोकांमध्ये काम केलेली नोंदणीकृत संस्था लागते. अशा संस्था आमच्या भागात आहेत. दोघातिघांच्या कानावर घातलंय. एकाने खर्च विचारला, एकाने "आता कोण ऐकतं रेडिओ?" असं विचारलं. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर म्हसवडला जाऊन पाहता येईल, म्हणून उन्हाळा संपला की जायचं ठरवलंय. विद्यार्थिनीकडे मुक्काम आहेच.

तोवर माझं बसणं चालू आहे. येत्या रविवारी पलीकडच्या वाडीतल्या एका सुईणबाईंकडे जायचंय. त्या म्हणाल्यात, "माझ्या हातावर किती जन्मले ते मोजून ठेवते, मग ये." त्यांचं मोजणं संपलं की कळवीनच.