बाई, कितवा नंबर?

दोस्तांनो, साताऱ्याची हिल मॅरेथॉन ऐकून माहीत असेल. २०१२ साली सुरू झाली. अंतर २१ किलोमीटर. आधी यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत.

पहिल्या वर्षी मी सुरुवातीलाच चुकले. सगळे सुसाट सुटले, मीही सुटले. घाट लागला आणि माझी हवाच गेली! पांढऱ्या केसांचे एक आजोबा मात्र बारीक पावलं टाकत शांतपणे पुढे निघून गेले. म्हटलं, उतारावर गाठू. कसलं काय! उतारावर प्रत्येक पावलाला अंगाचा भार मांडीच्या स्नायूंना आवरावा लागतो. माझे पाय लटलटा कापायला लागले. तेवढ्यात मागून, थकलेल्यांना उचलून नेणारी गाडी आली.

"बसा ताई," ड्रायव्हर म्हणाले.

एक पाय पायरीवर ठेवलाही. पण वर्गात मी केवढी फुशारकी मारून आले होते! पाय काढून घेतला. उरलेलं अंतर लंगडतच संपवलं. तोवर मांडव सोडायला घेतला होता.

सोमवारी वर्गात पहिला प्रश्न, "बाई, कितवा नंबर?"

"माझ्यामागे फक्त गाडी होती."

पोरं खो खो हसली. पायरीवरच्या पायाचं मात्र त्यांना बोलले नाही हं, तुम्हालाच सांगतेय.