भाऊच्या धक्क्यावरून मोरा : जाती-येती जहाजे टिपताना

मुंबईत राहून समुद्र पाहिला नाही असा माणूस मिळायचा नाही. चौपाटी तर सर्वांनीच पाहिलेली असते. परंतु मुंबईचा कष्टकरी समुद्र चौपाटीवर नाही. तो पूर्वेच्या बाजूला, शिवडीपासून कुलाब्यापर्यंत पसरलेल्या गोद्या आणि धक्क्यांपाशी आहे. तिथे सामान्य माणसाच्या आड भिंती आणि फाटके येतात. साधे तिकीट काढून हा समुद्र जवळून पाहायचा असेल तर भाऊचा धक्का गाठावा. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरले की धक्का फार लांब नाही.

यंदा बोनसच्या पैशातून आम्ही झूमचा नवा कॅमेरा घेतला. नातेवाइकांचे मंगल परिणय आणि नामकरणाचे फोटो काढून झाले. मग आमच्या चाळीतील एका काकांनी हा छंद सुचवला. काकांनी गोदीत टोळीवर हमाली करून उभी हयात काढली. ते म्हणाले, "भाऊ, जहाज नुसतं बघायचं नसतं, वाचायचं असतं." तेव्हापासून जमेल तसा रविवारी आम्ही मुलांना आणि काकांना घेऊन मोऱ्याची लाँच पकडतो. तासाभराचा प्रवास आहे.

लाँच धक्का सोडून आग्नेयेला निघते. डावीकडे बुचर बेट दिसते. त्यालाच आता जवाहर द्वीप म्हणतात. तेलवाहू जहाजे तिथे लागतात आणि तेल नळांतून तुर्भ्याच्या कारखान्यांकडे जाते. त्याच्या मागे घारापुरी. लेण्यांसाठी लोक तिथे जातात, पण बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत हे फार थोड्यांना माहीत असते. उत्तरेला 2024 साली सुरू झालेला अटल सेतू. आणि घारापुरी व मोरा यांच्या मधल्या पाण्यातून न्हावा-शेव्याला जाणारी कंटेनरची अजस्र जहाजे येतात-जातात. 300 मीटरहून लांब जहाज समोरून गेले की आपली लाँच काड्याच्या पेटीएवढी वाटते.

आता वाचायचे कसे ते सांगतो. जहाजाचे नाव पुढे दोन्ही अंगांना आणि मागे लिहिलेले असते. मागच्या नावाखाली नोंदणीचे बंदर असते. पनामा, मोन्रोव्हिया, माजुरो ही नावे वारंवार दिसतात. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्या देशाचा आणि खलाशी तिसऱ्याच देशाचे, असा हा धंदा आहे. अर्धा पांढरा, अर्धा तांबडा उभा झेंडा फडकत असेल तर बंदराचा पायलट जहाजावर आहे असे समजावे. कडेला गोल आणि त्यातून आडवी रेघ दिसते, ती भाराची खूण. जहाजात वाटेल तेवढा माल कोंबून खलाशांना मरणाच्या दारात लोटणाऱ्या मालकांविरुद्ध सॅम्युअल प्लिमसोल नावाचा खासदार इंग्लंडात झगडला, आणि 1876 च्या कायद्याने ती खूण सक्तीची झाली. एका रेघेमागे केवढा लढा असतो पाहा!

फोटोसाठी उजेड महत्त्वाचा. भाऊच्या धक्क्याच्या बाजूने दुपारनंतर काढावेत, ऊन आपल्या पाठीशी असते. मोऱ्याहून उत्तरेला तोंड केले तर हिवाळ्यात बहुतेक दिवसभर उजेड चांगला मिळतो. लाँच थरथरते, म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका तरी ठेवावा आणि कॅमेरा कठड्यावर टेकवू नये. नौदलाची जहाजे, गोदीची फाटके आणि तेलाचे धक्के मात्र टिपू नयेत. मनाई असते, उगाच चौकशीचा ससेमिरा मागे लागतो. दुसरे, लाइफ जॅकेट घालावेच. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेकांचे प्राण गेले. जॅकेटमुळे फोटो वाईट येत नाही.

एकदा कंटेनरचे जहाज जाताना काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या टायमाला असलं जहाज खाली करायला टोळ्यांच्या टोळ्या लागायच्या. आता माणूसच दिसत नाही." न्हावा-शेव्याचे बंदर 1989 साली सुरू झाले. पाठीवरची गोण जाऊन लोखंडी पेटी आली, पेटी उचलायला क्रेन आली. पाठ वाचली हे चांगलेच झाले, पण हजारो हातांचे कामही गेले. काकांच्या तरुणपणाचा एकही फोटो नाही. गोदीत घाम गाळणाऱ्याच्या हाती त्या वेळी कॅमेरा कुठून असणार?

14 एप्रिल म्हटले की आपल्याला जयंती आठवते. 1944 साली याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात भरला होता. शेकडो माणसे गेली, आग विझवणारे जवानही गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. जयंतीच्या दिवशी त्या कामगारांचीही आठवण ठेवावी.

आमचे फोटो पाहून वस्तीतील मुले विचारू लागली, "आम्हाला जहाजावर नोकरी मिळेल का?" मिळू शकते. दहावी झालेल्यांसाठी जी.पी. रेटिंगचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. पण सावध राहा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दागिने मोडून एजंटाला पैसे दिले. नोकरी नाही, पैसेही नाहीत. नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला एजंटाला कायद्याने मनाई आहे. संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही आणि एजंटाकडे परवाना आहे की नाही, हे नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आधी पाहावे, मगच पुढचे पाऊल टाकावे.

वाचकहो, या छंदाला कॅमेरा महागाचा लागत नाही. मोबाइलही चालतो. प्रत्येक फोटोमागे तारीख, जहाजाचे नाव आणि बंदर लिहून ठेवा. मुलांना ते बंदर नकाशात शोधायला लावा. आमच्या धाकटीने माजुरो पॅसिफिक महासागरात शोधून काढले, शाळेच्या भूगोलात ते नव्हते. आणि तुमच्या वस्तीत गोदीतून निवृत्त झालेले कुणी असतील तर त्यांना सोबत न्या. जहाज तर उद्याही जाईल, परंतु ते वाचून दाखवणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.