तोडीस तोड

व्हॉलीबॉलच्या जाळीची उंची सर्वांना सारखीच असते. पुरुषांसाठी ती २.४३ मीटर, स्त्रियांसाठी २.२४ मीटर. १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद मैदानाचे ही जाळी दोन समान भाग करते, दोन्ही बाजूंना सहा-सहा खेळाडू उभे राहतात आणि पंचांची शिटी दोघांसाठी एकदमच वाजते. ज्या खेळात समानतेची इतकी काटेकोर काळजी घेतलेली आहे, त्याच खेळात एखादा संघ दिवसभराचा प्रवास करून येतो, २५-७, २५-५ अशा गुणांनी अर्ध्या तासात हरतो आणि परतीच्या एस.टी.ची चौकशी करू लागतो, तेव्हा मैदानावर आखलेली समानता मैदानाबाहेर कोठे हरवली, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील महाविद्यालयीन खेळाकडे पाहताना हा प्रश्न आमच्या मनात वारंवार उभा राहिला आहे.

या प्रश्नावर क्रीडाशिक्षकांत दोन पक्ष आहेत, आणि दोन्हींशी आम्ही मनसोक्त वाद घातला आहे. एक पक्ष म्हणतो, "खेळात दया नको. बलवान जिंकेल, दुर्बळ हरेल. हरणाऱ्याने मेहनत करावी." दुसरा पक्ष म्हणतो, "शहरी आणि ग्रामीण असे दोन गट करा, दोन ढाली ठेवा. म्हणजे जंगलातल्या पोरांनाही एखादी ढाल मिळेल." पहिल्या मतात कठोरपणा आहे आणि दुसऱ्यात कळवळा आहे, परंतु दोन्ही मते मूळ दुखण्याला हात घालत नाहीत, असे आम्हांला वाटते.

थोडा इतिहास पाहू. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये पुढेही दीर्घकाळ नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होती. त्या काळी नागपूरच्या संघांशी गाठ पडली की चंद्रपूरकर म्हणत, "त्यांच्याकडे मैदाने आहेत, प्रशिक्षक आहेत, सारे काही आहे, आमच्याकडे काय आहे?" २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि हे दोन जिल्हे त्याचे कार्यक्षेत्र ठरले. दूरच्या मुलाला त्याच्या जवळचे विद्यापीठ मिळावे, हा त्यामागील न्याय्य हेतू होता. परंतु विषमतेचा स्वभाव असा की ती एका उंबरठ्यावरून हाकलली की दुसऱ्या उंबरठ्यावर जाऊन बसते. पूर्वी चंद्रपूरला नागपूर जसे वाटे, तसेच आता भामरागडला चंद्रपूर वाटू लागले.

हे का घडते, ते समजून घेतले पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे, बल्लारपूरची कागद गिरणी आहे, सिमेंटचे कारखाने आहेत. अशा उद्योगांभोवती वसाहती उभ्या राहतात आणि वसाहतींबरोबर मैदाने, दिवे आणि सायंकाळी खेळायला येणारी अनुभवी माणसेही येतात. बल्लारपूरजवळच्या विसापूर येथील क्रीडा संकुलात तर २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा भरल्या. उलटपक्षी, २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे राहतात. वस्ती विरळ, म्हणून महाविद्यालये लहान. महाविद्यालय लहान, म्हणून ज्यांतून संघ निवडायचा ते विद्यार्थी मोजके. अनेक दशके या जिल्ह्याला वडसा हे एकमेव रेल्वे स्थानक होते. भामरागडहून गडचिरोलीचे अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आणि सिरोंच्याहून त्याहूनही अधिक. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, हे तर तेथील लोकांनी कित्येक पावसाळ्यांत अनुभवले आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मातीचे मैदान चिखलात असते आणि स्पर्धा तर पावसाळा सरताच सुरू होतात. छताखालचे मैदान ज्याला आहे, त्याचा सराव चार महिने आधीच झालेला असतो.

त्यात व्हॉलीबॉल या खेळाचा स्वतःचा गुणधर्मही आहे. फुटबॉलमध्ये दुबळा संघ नव्वद मिनिटे दार लावून बसतो आणि एका गोलाने बाजी मारून जातो. व्हॉलीबॉलमध्ये तशी सोय नाही. चेंडू धरून ठेवता येत नाही, सामना बरोबरीत सुटत नाही, आणि खेळाडूंना क्रमाने जागा बदलाव्या लागत असल्यामुळे एकाच मोहऱ्यावर संघ तरत नाही. साधा हिशेब करून पाहावा. समजा, एक संघ दर शंभर चेंडूंपैकी साठ चेंडू जिंकतो. म्हणजे तो फार बलाढ्य आहे असे नव्हे; दुसराही चाळीस जिंकतोच आहे. तरी २५ गुणांचा एक डाव तो शंभरात सुमारे ९२ वेळा जिंकेल आणि तीन डावांचा सामना सुमारे ९८ वेळा. चेंडूमागे असलेला लहानसा फरक सामन्याअखेरीस डोंगराएवढा दिसतो. म्हणूनच व्हॉलीबॉलमधील मोठ्या पराभवावरून "ही पोरे खेळायच्या लायकीची नाहीत" असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

जगात इतरत्र या प्रश्नाचा विचार कसा झाला, तेही पाहण्यासारखे आहे. अर्थशास्त्रज्ञ वॉल्टर नील यांनी १९६४ साली एका लेखात मुष्टियोद्धा जो लुई याचे उदाहरण घेऊन एक मार्मिक गोष्ट सांगितली. व्यापारात प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर व्यापाऱ्याचा फायदा होतो. परंतु जो लुईला मोठा व्हायचे असेल तर त्याच्यासमोर मॅक्स श्मेलिंगसारखा तगडा प्रतिस्पर्धी हवाच. १९३६ साली श्मेलिंगने लुईला हरविले होते, म्हणूनच १९३८ सालच्या लुईच्या विजयाला मोल आले. खेळात आपला प्रतिस्पर्धी हा आपला भागीदारही असतो. त्याला दुबळे ठेवून आपण मोठे होत नाही.

अमेरिकेत महाविद्यालयांचे गट करून वर्षानुवर्षे साखळी सामने खेळले जातात. तेथील स्त्रियांच्या व्हॉलीबॉलची लोकप्रियता अशी की ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाचा सामना पाहायला ९२,००३ प्रेक्षक जमले होते. बलाढ्य विद्यापीठांनी सारेच गुणी खेळाडू उचलून नेऊ नयेत, म्हणून वरच्या श्रेणीत एका संघाला जास्तीत जास्त १२ शिष्यवृत्त्या, अशी मर्यादा तेथे अनेक वर्षे होती. २०२५ मध्ये एका न्यायालयीन तडजोडीनंतर तिच्याऐवजी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. तरीही १९८१ पासूनच्या राष्ट्रीय विजेतेपदांपैकी ९ एकट्या स्टॅनफर्डने आणि ८ पेन स्टेटने मिळविलेली आहेत. अर्थात केवळ नियमाने सर्व संघ सारखे होत नाहीत. पण तेथे एक गोष्ट घडते ती अशी, की गटात तळाला राहिलेला संघही हंगामभर सामने खेळतो, बलवानांशी पुनःपुन्हा भिडतो आणि भिडता भिडता शिकतो.

आमच्या मते खरे मर्म येथेच आहे. संघांमधील समतोल म्हणजे सर्वांना सारखे विजय नव्हेत. सर्वांना सारखी शिकण्याची संधी, हा समतोल होय. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने खेळल्या जातात. ३२ संघ असतील तर ३१ सामन्यांत विजेता ठरतो. आयोजकांना हे सोयीचे आहे, वेळ आणि पैसा वाचतो. परंतु या ३२ पैकी १६ संघांच्या वाट्याला वर्षातून एकच सामना येतो आणि ते सोळा बहुधा तेच असतात, ज्यांना सामन्यांची सर्वांत अधिक गरज आहे. जो जिंकतो त्याला आणखी सामने, जो हरतो त्याला परतीचे तिकीट. पुढल्या वर्षी जिंकणारा पाच सामन्यांनी शहाणा झालेला असतो आणि हरणारा आहे तेथेच. वर्षामागून वर्षे असे चालले तर दरी रुंदावणार नाही तर काय होईल?

याऐवजी चार-चार संघांचे आठ गट करून आधी साखळी खेळवली, तर प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतात. गटांचे ४८ आणि पुढील बाद फेरीचे ७ मिळून ५५ सामने होतील. खर्च वाढेल, हे खरे. म्हणूनच या साखळ्या जवळच्या जवळ व्हाव्यात. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, मुलचेरा येथील मुलांनी अहेरीला जमावे. कोरची, कुरखेडा, आरमोरी येथील मुलांनी वडशाला. प्रवासाचा पैसा वाचेल तो सामन्यांवर खर्च व्हावा. गडचिरोली पोलिसांनी अलीकडच्या वर्षांत बिरसा मुंडा यांच्या नावाने आदिवासी युवकांसाठी व्हॉलीबॉल स्पर्धा भरविल्या आहेत. दुर्गम गावांतील तरुण जाळीभोवती आनंदाने गोळा होतात, हे त्यांवरून दिसले आहे. उत्साहाची वाण तेथे नाहीच.

मात्र साखळी जवळ झाली तरी अखेरची फेरी सर्वांची एकत्रच असावी, यावर आमचा कटाक्ष आहे. शहरी आणि ग्रामीण अशा दोन ढालींना आमचा विरोध आहे तो यासाठीच. "ग्रामीण विजेता" ही पदवी पहिल्या वर्षी गोड वाटते. दहाव्या वर्षी ती पायातील बेडी होते. ज्या मुलीने उत्तम स्मॅश कधी पाहिलाच नाही, तिने तो अडवायला कोठे शिकावे? २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यांच्यासाठी कोणी लहान एव्हरेस्ट बांधले नव्हते. शिखर तेच राहिले. त्यांना मिळाले ते महिनोन्‌महिन्यांचे प्रशिक्षण. व्हॉलीबॉलच्या बाबतीतही आम्ही याहून अधिक काही मागत नाही.

आणखी एक अडचण उरते. दूरच्या महाविद्यालयात एखादा गुणी खेळाडू निपजला की वसतिगृहाच्या आणि शुल्कमाफीच्या आशेने तो शहराकडे जातो. त्याला दोष देता येत नाही. गरीब घरच्या मुलाने संधी का सोडावी? त्याला अडविणारा नियमही आम्हांला नको. परंतु ज्या महाविद्यालयाने त्याला घडविले, त्याच्याकडे शहरातील संघाने वर्षातून एकदा आठवडाभर आपला प्रशिक्षक पाठवावा, एवढे ऋण तरी मान्य व्हायला काय हरकत आहे? जो लुईच्या दृष्टांताप्रमाणे त्यात शहराचेही हितच आहे. गोंडवाना विद्यापीठाचा निवडक संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो, तेव्हा घरच्या मैदानावर अर्ध्या तासात मिळविलेले विजय कामी येत नाहीत. तेथे कामी येते ती तोडीस तोड झुंजीची सवय.

अशी सवय काय घडवू शकते, हे आपल्या समाजाने जवळून पाहिले आहे. केरळातील पेरावूर या गावच्या कॅथोलिक कुटुंबातला जिमी जॉर्ज भारतीय व्हॉलीबॉलचा मुकुटमणी ठरला. इटलीतील व्यावसायिक संघांकडून तो खेळला, १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होता, आणि ३० नोव्हेंबर १९८७ रोजी इटलीत मोटार अपघातात, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. त्याची जडणघडण घरच्या अंगणात झाली. वडील स्वतः खेळाडू होते, मुलांचे पहिले प्रशिक्षक तेच. आणि आठही भाऊ व्हॉलीबॉलपटू. बरोबरीचा प्रतिस्पर्धी शोधायला जिमीला घराबाहेर जावे लागले नाही. गाव लहान होते, पण रोजची झुंज लहान नव्हती.

वाचकहो, प्रत्येक घरात आठ भाऊ नसतात. पण आपल्या बहुतेक धर्मग्रामांना मैदान असते. सायंकाळी त्यावर एक जाळी बांधली, शेजारच्या पाड्यावरच्या मुलांनाही हाक मारली आणि जिंकणाऱ्याइतकेच हरणाऱ्यालाही पुन्हा खेळू दिले, तर विद्यापीठाच्या नियमांत बदल होण्याची वाट पाहावी लागणार नाही. हरलेल्या संघाला सामना संपल्यावर "पुन्हा कधी येता?" असे विचारणारा कोणी असला, की निम्मी विषमता तेथेच संपते. उरलेली निम्मी नियमांनी संपवावी लागेल, आणि ते काम विद्यापीठाचे आहे.