पुलावरची तापी, काठावरची तापी

भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी तापीच्या पुलावर आली की खिडक्यांतून हात बाहेर येतात, पाण्यात नाणी पडतात, आणि नमस्कार पुरा व्हायच्या आत नदी संपलेली असते. गळ टाकून बसणाऱ्याची तापी अशी संपत नाही. त्याला पात्राची रुंदी दिसतच नाही. त्याच्या वाट्याला येतो एक डोह, पाण्याखालचा एक खडक, आणि त्याच्या आडोशाला मंदावलेला हातभर प्रवाह. दिवसभर त्याने बघायचं ते तेवढंच.

कपाशी वेचायच्या दिवसांत मासे धरायला जाणं ही खानदेशात चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. शेताशेतांत बायामाणसं वाकलेली, आणि एक धडधाकट माणूस काठी खांद्यावर टाकून नदीकडे निघालेला! शिवाय मुलूख माळकऱ्यांचा. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव, जवळच मुक्ताई. तिथे गळाचं नावही काढू नये. मी काढत नाही. हतनूर धरणाच्या पुष्कळ खाली सरकून बसतो.

बसायचं ते उत्तरेच्या काठावर, म्हणजे यावल-रावेरच्या केळीकडच्या अंगाला. तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते आणि थंडीच्या सुमारास सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो. दक्षिणेच्या काठावर बसलात तर तुमची सावली पाण्यात पडते आणि मासा पसार होतो. उत्तरेच्या काठावर डोळे दिपतात, पण सावली पाठीमागे राहते. पुराणात तापी सूर्याची लेक. संध्याकाळी बाप लेकीच्याच पात्रात उतरतो, तेव्हा तर पाण्याकडे बघवत नाही.

पावसाळ्यात मात्र गळ घरी. तेव्हा माशांच्या पोटात अंडी असतात, आणि १९८२ साली पुरं झालेल्या हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती कधी उघडतील, याचा भरवसा नाही. पाणी ओसरून निवळलं की आमचे दिवस सुरू होतात. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा मणी, मोरपिसाच्या दांड्याचं तरंगतं, एवढाच सरंजाम. आमिष माशागणिक वेगळं. रोहूला कणकेत सरकीची ढेप कुस्करून केलेली गोळी चालते. वाम तिच्याकडे ढुंकून बघत नाही, तिला गांडूळच हवं.

मग तरंगतं बघत राहायचं. वाऱ्याने हललं तर ते नुसतं डुलतं. बारकी मासळी आमिष कुरतडत असेल तर थरथरतं. रोहू तोंड लावतो तेव्हा दोनदा बुडतं आणि तिरकं चालू लागतं. वाम ते सरळ खाली ओढून नेते. अंधारात शेजारच्या खोलीतली माणसं पावलांवरून ओळखावीत, तसं हे सवयीने कळू लागतं. मला गळाचं खरं वेड आहे ते याच गोष्टीमुळे. मासा हाती येणं त्यामानाने ढोबळ. पाण्याखाली काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, तरी तरंगत्यावरून कळतं.

खाली वस्तीही मोठी सरमिसळ. कटला-रोहू मुळात गंगेकडचे, बीज सोडून इथे रुजवलेले. चिलापी थेट आफ्रिकेची, आणि आता ती मालकिणीच्या तोऱ्यात वावरते. माझ्या लेखी मान आहे तो मरळीला. ती मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते, म्हणून आटत चाललेल्या डबक्यातही तग धरते. तिची लालकेशरी पिल्लं पाण्यावर घोळक्याने फिरतात आणि आईबाप खालून राखण करतात. असा घोळका दिसला की गळ उचलावा. पुष्कळजण नेमका तिथेच टाकतात. त्यांच्याशी माझं जमत नाही.

धुळ्याकडे पांझरेवर गेलं तर वेगळी मजा. फडबागायतीचे जुने बंधारे, कित्येक पिढ्यांपूर्वीचे. त्यांच्यावरून पाणी पातळ पडतं आणि पायथ्याशी फेसात बारकी मासळी खेळते. तिथे आपण एकटे नसतो. जाळं खांद्यावर टाकलेला एखादा भोई हमखास थांबतो.

“काय भाऊ, काही लागनं का?”

“नई अजून.”

“मंग बठा.”

त्या ‘बठा’मध्ये सहानुभूती कमी आणि करमणूक जास्त. ज्याचं पोट जाळ्यावर आहे त्याला गळवाल्यांचा खेळ हसण्यासारखा वाटणारच. आणि दुपारी मी भाकरी-ठेचा सोडून बसलो की, पाणी कुठे खोल आहे आणि मी कसा चुकीच्या जागी बसलोय, हेही तोच सांगतो.

संध्याकाळी काही मिळालंच तर घरी त्याची सोय वेगळी: भांडं निराळं, चूल अंगणातली. वाम राखेने चोळावी लागते, आणि तिचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत आपला हात बुळबुळीत होतो. मग काळ्या मसाल्याचा रस्सा आणि कळण्याची भाकरी. आई माळकरी. ती नाकाला पदर लावून ओट्याच्या पार टोकाला बसते, आणि मसाला नीट भाजला गेला नाही हे तिथूनच, वासावरून, सुनेला सांगते.